कॅनडाची सवत, मुक्काम रिफा

बहारीनहून परत आले त्याला आता बरेच महिने झाले, तरी शाळेत अजून कोणी ना कोणी विचारतंच, "बाई, कसं आहे हो बहारीन?" मी सांगते, छान आहे, स्वच्छ आहे, समुद्र आहे, मासे मिळतात. लोकांना तेवढंच हवं असतं. खरं सांगायचं तर मी तिथे बहारीन कमी बघितलं आणि जळले जास्त. सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत जळत होते. तेव्हा ज्यांना किल्ल्याची आणि मोत्यांची माहिती हवी असेल त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं, मी रागावणार नाही.

मी कुडाळजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, बावीस वर्षं बहारीनमध्ये ड्रायव्हर. वर्षातून महिनाभर सुट्टीवर यायचे, पडवीत खुर्ची टाकून बसायचे, कोणी विचारलं तर हो-नाही करायचे आणि महिना संपला की बॅग भरायचे. "पुढच्या वर्षी कायमचो येतंय," हे वाक्य आमची सायली पाचवीत असल्यापासून मी ऐकत होते. सायली आता पुण्यात नोकरी करते. तिचं शिक्षण झालं, घर झालं, विहीर झाली, पुढचं वर्ष काही उजाडेना. विचारलं की एकच उत्तर: "मॅडम सोडूक तयार नाय गो."

कोण ही मॅडम? एवढंच माहीत होतं की कॅनडाची आहे, म्हातारी आहे, लेकीकडे राहते आणि तिला कुठेही जायचं झालं की आमचे हे लागतात. मनात म्हटलं, एकदा बघूनच येऊ. जानेवारीत रजा टाकली. शाळेत सांगितलं, फिरायला जाते. जात होते ते नवऱ्याला घेऊन यायला.

मोपा ते मुहर्रक

मॅडमची ओटी भरायची म्हणून खण, तांदूळ, सुपारी आणि घरचा नारळ पिशवीत घेतला होता. पहिल्यांदा कोणाच्या घरी राहायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार, वैरीण असली म्हणून काय झालं! मोपाच्या विमानतळावर तपासणीच्या पोराने नारळ काढून बाजूला ठेवला. "काकी, हे नाही चालणार." मी त्याला ओटी म्हणजे काय ते समजावलं, मागच्या बाईनेही माझी बाजू घेतली, पण तो ढिम्म. नारळ गेला. निघतानाच अपशकुन, म्हटलं, चला.

बहारीनचा विमानतळ मुहर्रकला आहे. दुपारची वेळ, ऊन आपल्या पौषातल्यासारखं सोसवणारं. हे बाहेर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, भांग काढलेला, बूट चकचकीत. सुट्टीवर येतात तेव्हा हाच माणूस लुंगी आणि फाटका गंजीफ्रॉक घालून बसतो. मी बघतच राहिले. ह्यांनी बॅग डिकीत ठेवली, मागचं दार उघडलं आणि अदबीने बाजूला उभे राहिले.

मी म्हटलं, "माका मागे बसवतास?"

"अगो, सवय," म्हणाले आणि खजील होऊन पुढचं दार उघडलं.

पुढच्या सीटवर एक जुनी उशी होती आणि खाली बाईची चप्पल. म्हटलं, ही जागा कोणाची ते आपल्याला कळलं. गाडी सुरू केली तशी आतून गिटार किंचाळली आणि पाठोपाठ एका माणसाने गळा काढला. मी दचकले. ह्यांनी आवाज कमी केला, पण बंद केला नाही. वर बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरला. ह्या माणसाने लग्नानंतर आजवर माझ्यासमोर एक आरतीसुद्धा सुरात म्हटलेली नाही.

रिफा

रिफा म्हणजे सगळे बंगलेच बंगले, उंच भिंती, आणि रस्त्याने पायी चालणारं माणूस औषधाला नाही. शेजाऱ्याकडे विरजण मागायचं तरी गाडी काढावी लागत असेल. बंगल्याच्या मागच्या अंगाला ह्यांची खोली. कॉट, छोटा फ्रिज, शेगडी, कपाट, सगळं जिथल्या तिथे. चादरीला एक सुरकुती नाही. ह्यांनी चहा केला, बरोबर आलं ठेचून. कप विसळून पालथे घातले. घरी ह्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यावा लागतो, आणि इथे हा संसार! मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढं सगळं येतं तर ते माझ्यापासून लपवून का ठेवलं?

इतक्यात बाहेरून हाक आली, "डिग!"

माझ्या नवऱ्याचं नाव दिगंबर. मी ते लग्नात उखाण्यात घेतलं असेल, त्यानंतर कधी नाही. सासूबाई गेल्या, आता अडवणारं कोणी नाही, तरी जीभ वळत नाही. आणि ही बाई दारातून 'डिग' म्हणून हाका मारते, आणि हे "येस मॅडम" करत धावतात. पाहिलं तर सत्तरीच्या पुढची बाई, पांढऱ्या केसांची पाठीवर वेणी, गुडघ्यापर्यंतची विजार, पायात काही नाही. मला बघून दोन्ही हात पसरले आणि घट्ट मिठी मारली. तिच्या अंगाला सिगारेटचा वास येत होता. मी अंग चोरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवसापासून गाडीत मॅडम पुढे आणि मी मागे, भाजीच्या पिशव्यांबरोबर. आणि मग सुरू झाला तो बँड.

तर हा बँड काय होता ते सांगते, कारण मला तो आता ह्यांच्याइतकाच पाठ झालाय. मॅडम तरुणपणी कॅनडात एका रॉक बँडमध्ये की-बोर्ड वाजवायच्या. चार बाप्ये आणि ही एकटी; त्यातला ढोलवाला, म्हणजे ड्रम वाजवणारा, पुढे बँड सोडून गेला. पन्नासेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बँडच्या नावाचा मराठीत अर्थ 'उत्तरेचं कुंपण'. आपल्यापैकी कोणी ऐकलेलं नसणार आणि कॅनडातही आता कोणाला आठवत नसणार. त्या काळात तिथल्या सरकारने रेडिओवाल्यांना बजावलं होतं की सारखी अमेरिकेची गाणी लावू नका, ठरावीक वाटा आपल्या माणसांचा पाहिजे. झालं, गावोगाव पोरांनी गिटारी विकत घेतल्या. एका जुन्या व्हॅनमध्ये सामान कोंबायचं आणि दिवसदिवस बर्फातून पुढच्या गावाला जायचं. व्हॅनचा हीटर बिघडलेला. बर्फावर फळ्या टाकून त्यावर कार्यक्रम, खालून पाय गारठतात आणि थंडीने तारांचा सूर उतरतो, म्हणून गिटारी कोटाच्या आत धरून बसायचं. खायला बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर चीज आणि गरम रस्सा. हे सगळं मॅडम सांगत होत्या आणि आमचे हे, ज्यांना मी फोनवर विहिरीच्या मोटरचं सांगायला लागले की अर्ध्यातच "बरां, बरां" म्हणतात, ते मान डोलावून ऐकत होते. नुसते ऐकत नव्हते, मध्ये आठवण करून देत होते. "मॅडम, रस्त्यात ते मोठं हरीण आडवं आलं, ते राहिलं." मॅडम हसून म्हणाल्या, "येस, येस, डिग, द मूस!" की हे आधीच हसायला लागत, पुढे काय होणार ते माहीत असून.

मी मागून विचारलं, "सायली धाव्वी कधी पास झाली?"

हे आरशातून माझ्याकडे बघू लागले. "हं... म्हणजे... करोनाच्या आदी मा?"

"आणि ढोलवालो बँड सोडून कधी गेलो?"

"चौऱ्याहत्तर," म्हणाले पटकन. मग त्यांचं त्यांनाच समजलं आणि ते रस्त्याकडे बघून गाडी चालवू लागले.

ढोलवाल्याची गोष्ट नंतर कळली. तो मॅडमचा नवरा होता. कॅनडातल्याच दुसऱ्या एका मोठ्या बँडला ढोलवाला हवा होता, तो बँड अमेरिकेला निघाला होता, त्यांनी ह्याला नेला. गेला तो गेलाच. त्या मोठ्या बँडची गाणी अजून रेडिओवर लागतात. एकदा मनाम्याच्या, म्हणजे तिथल्या राजधानीच्या, वाटेवर लागलंच त्यांचं एक. मॅडमनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटून ताडकन रेडिओ बंद केला. पन्नास वर्षं झाली तरी! मी मागे बसून मनात म्हटलं, ही तर आपल्यातलीच आहे. पण असं वाटलं म्हणून काही जळणं थांबत नाही.

अदलिया

अदलियात कॉफीची दुकानं फार. बसके जुने बंगले रंगवून त्यांची हॉटेलं केलीत, बाहेर कुंड्या, आत मंद दिवे. आठवड्यातून दोनदा मॅडम तिथे एका दुकानात आपल्या मैत्रिणींना भेटतात. त्या आत गेल्या, आम्ही बाहेर गाडीत. ह्यांनी नेहमीच्या सरावाने एका भिंतीलगत गाडी लावली, काच अर्धी खाली केली, सीट मागे केली आणि खिशातून मोबाइल काढला. मग माझ्याकडे बघून परत ठेवला.

"कोणाक लावीत हुतात?"

"तुका," म्हणाले. "हयसूनच लावतंय मा."

मी भोवती बघितलं. एक पिवळी भिंत, भिंतीवरून लोंबणारी बोगनवेल, पलीकडे कचऱ्याची मोठी पेटी आणि पेटीवर दोन मांजरं. म्हणजे मी तिकडे चुलीवरचं दूध उतू जाऊ देऊन ज्या फोनसाठी धावायचे, तो इथून यायचा. सायलीचा ताप, सासूबाईंचं शेवटचं आजारपण, कौलं बदलायची की स्लॅब टाकायचा, सगळं ह्या भिंतीशी बोलून झालं. आणि दर वेळी बोलणं ऐन रंगात आलं की, "मॅडम इल्या गो, ठेवतंय." गाडी उभी असते तो वेळ माझा. गाडी चालू झाली की वेळ त्या बाईचा आणि तिच्या ढोलवाल्याचा. त्या भिंतीकडे बघून मला रडूच कोसळलं. हे गडबडले, समोरच्या टपरीवरून करक, म्हणजे तिथला दाट आटवलेला वेलचीचा चहा, घेऊन आले. चहा उत्तम होता, दोन घोटांत रडं थांबलं, राग काही गेला नाही.

मआमीर

शुक्रवारी सुट्टी. ह्यांचा दोस्त आबा मआमीरला राहतो, तिथे जेवण होतं. आबा सावंतवाडीकडचा, वेल्डर. मआमीर हे खरं गाव आहे, मशीद, अरुंद गल्ल्या, दारात बसलेल्या बायका, पण शेजारीच सित्रा भागातले तेलाचे कारखाने, त्यामुळे वारा फिरला की नाकाला रुमाल. आबाने तिथल्या साफी माशाचं तिखलं केलं होतं. आपल्या तिरफळाचा वास त्या खोलीत आला आणि मी एकदम निवळले. खबूस, म्हणजे भट्टीतली मोठी रोटी, मोडून तिखल्यात बुडवली. भाकरीची सर नाही, पण वाईट नाही.

आबा तोंडाने फटकळ. कालवण वाढता वाढता म्हणाला, "वहिनी, बरां केलास इलास ता. आता ती म्हातारी चल्ली कॅनडाक. दादा एकटो पडतलो."

मी घास खाली ठेवला. "कोण चल्ली?"

"मॅडम. एप्रिलात. कायमची. माका वाटला, तुमका ठावक असतला." आबाने ह्यांच्याकडे बघितलं आणि कालवणाचं भांडं घेऊन आतच गेला.

म्हणजे जी मॅडम सोडत नाही म्हणून हे येत नव्हते, ती मॅडमच निघाली होती आणि हे मला सांगत नव्हते! परतताना गाडीत विचारलं, "मगे आता कोण सोडना नाय?"

"धाकटी मॅडम," हे म्हणाले. म्हणजे म्हातारीची लेक. "पोरांका शाळेत सोडूचा लागता."

आवाज असा पडलेला की मला आणखीच झोंबलं. म्हातारी जाणार म्हणून हा माणूस सुतकात होता. दर वर्षी मला गावच्या स्टँडवर सोडून निघताना ह्यांचा चेहरा मी बारकाईने बघत आलेय. असा कधी झाला नव्हता.

ओटी

ठरवलं, आता मॅडमलाच विचारायचं. मनाम्याच्या बाजारात एका मल्याळ्याच्या दुकानातून दोन नारळ घेतले. मग नवीनच अडचण. हळदकुंकू लावायचं की नाही? नवरा सोडून गेलेला, पण कुठेतरी जिवंत असेलही, नसेलही. खूप विचार केला. शेवटी म्हटलं, ज्याच्या बँडचं गाणं लागलं की अजून ताडकन रेडिओ बंद होतो, तो नवरा संपलेला नाही. कुंकू लावायचं.

सकाळी तांदूळ वाटून घावणे घातले आणि नारळाचा रस केला. मॅडम जेवायच्या टेबलाशी बसल्या, एक घावणा रसाबरोबर खाल्ला आणि दुसऱ्यावर त्यांच्याकडचा मेपलच्या झाडाचा पाक ओतला. चांगला लागतो, खोटं कशाला बोलू. मी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी धरून कपाळाला लावला. हे कोणी शिकवलं असेल ते विचारायची गरज नव्हती.

हे स्वयंपाकघरात बशा धूत होते. मी माझ्या चौथीच्या इंग्रजीत सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही माझ्या नवऱ्याला घरी का सोडत नाही?"

मॅडमनी काटा खाली ठेवला. "मी?" त्या म्हणाल्या. "मी तर तीन वर्षं सांगतेय, डिग, घरी जा. तोच म्हणतो, बायको म्हणते अजून थोडी वर्षं थांब."

मला इंग्रजी बरोबर कळलं की नाही म्हणून मी त्यांना पुन्हा बोलायला लावलं. त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं. आत नळ बंद झाला होता. हे दारात येऊन उभे होते, हातात ओली बशी, कान लाल.

"माझा नवरा एका बँडने नेला," मॅडम म्हणाल्या. "मी कोणाचा ठेवून घेईन, असं वाटलं तुला?"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी मान खाली घालून उरलेला पाक बोटाने पुसत बसले. मॅडम मात्र ह्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू समोर तो ढोलवालाच उभा आहे. मग उठल्या आणि सिगारेट ओढायला बागेत गेल्या.

वाळूत

दुपारी 'जीवनवृक्ष' बघायला जायचं आधीच ठरलं होतं म्हणून गेलो. सगळे जातात. भर वाळवंटात एकच मोठं झाड, पाणी कुठून घेतं कोणाला माहीत नाही. झाड बघितलं, कुंपणाबाहेरून. मी म्हटलं, "बघितला. चला." परतताना ह्यांनी तिरीमिरीत रस्ता सोडून आडवी गाडी घातली आणि चाकं वाळूत बसली. बावीस वर्षांचा ड्रायव्हर! गाडी मागे-पुढे केली तशी आणखी खाली गेली. फोन करून मदत बोलावली. मग आम्ही दोघं गाडीच्या सावलीत बसलो, वाळवंटातून गेलेल्या तेलाच्या नळांच्या शेजारी.

मी म्हटलं, "सांगा आता. माका मॅडमचा नाव, मॅडमक माझा नाव. कित्याक?"

हे वाळूत बोटाने रेघा ओढू लागले. मग म्हणाले, "थय येवन मी काय करू गो?"

"म्हणजे?"

"सुट्टीक येतंय तेव्हा पंप खयसून चालू करतत ता माका ठावक नसता. कागद खय, चावी खय, तुका इचारूचा लागता. कोण इलो तर तुका इचारता, 'बाई, असा करूया काय?' आणि माका इचारतत, 'कधी इलंस, कधी जातलंस?' घर माझ्या पैशान झाला, पण घर तुझा. पोरगी तुझी. गाव तुझो. मी पडवीत बसान बघतंय आणि..." ह्यांनी हाताने रेघा पुसून टाकल्या. "हेवो वाटता माका तुझो. बावीस वर्सां. हय एक म्हातारी आसा, ती गोष्ट सांगताना मधीच म्हणता, 'डिग, पुढे काय झाला?' आणि माका ठावक असता."

मी ऐकून थक्क झाले. सासूबाईंचं करता करता माझी कंबर गेली, पावसात कौलं मी शाकारून घेतली, सायलीच्या प्रत्येक तापात एकटी जागले, आणि ह्या माणसाला त्याचाच हेवा! त्या उन्हात मला इतका संताप आला की तिथली मूठभर वाळू उचलून ह्यांच्या अंगावर फेकली. ह्यांनी झटकलीसुद्धा नाही. मग दोघंही रडलो, आणि बहारीनच्या त्या माळावर आम्हाला बघायला एक उंटसुद्धा नव्हता.

शेवटी मी म्हटलं, "हेवो वाटता तर येवा आणि घेवा काय व्हया ता. पण सुखासुखी देवचंय नाय मी, सांगान ठेवतंय."

हे डोळे पुसत म्हणाले, "भांडान घेवचा लागतला?"

"होय. रोज."

तेवढ्यात दोन बहारीनी पोरं पिकअप घेऊन आली. दोर बांधला, "यल्ला, यल्ला", म्हणजे चला चला, म्हणत गाडी ओढून काढली, आम्हाला खजूर दिले आणि ह्यांच्या ड्रायव्हिंगवर अरबीत काहीतरी बोलून खदखदा हसली. ह्यांनी त्याच संध्याकाळी धाकट्या मॅडमना नोकरी सोडतो म्हणून सांगितलं.

घरी

हे मे महिन्यात आले. मॅडमनी जाताना आपल्या बँडच्या कॅसेटी ह्यांना दिल्या. आता आमच्याकडे तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागला की पडवीत उत्तरेचं कुंपण सुरू होतं. पहिले काही दिवस गोठ्यातली म्हैस बिचकायची, आता ऐकते.

पंप हे चालू करतात. कागदांचं कपाट ह्यांनी लावलं, आता मलाच काही सापडत नाही, विचारावं लागतं. शेजारचे बाप्ये संध्याकाळी येऊन बसतात आणि बर्फातल्या व्हॅनची गोष्ट ऐकतात. पूर्वी ते अडलं-नडलं विचारायला माझ्याकडे यायचे, आता मी चहा आणून ठेवते आणि "हां, बाई, ठेवा थय," म्हणतात. एकदा शाळेत ह्यांना बोलावलं, माझ्याच वर्गाला थंड प्रदेशाचा धडा समजावून सांगायला. त्या दिवसापासून पोरं मला विचारतात, "बाई, काका परत कधी येतले?" एवढी वर्षं त्यांना शिकवते मी. आणि भांडण, ठरल्याप्रमाणे, रोज होतं.

गेल्या रविवारी सायलीचा फोन आला. मी नुकतंच सुरू केलं होतं, की यंदा काजू मोहरलाय, शेजारच्या पोरीचं जमलंय, माझी कंबर आता जरा बरी आहे. ती म्हणाली, "आई, ते राहू दे. बाबांना दे ना. मॅडमची ती हरणाची गोष्ट अर्धी राहिलीय."

दिला फोन. स्वयंपाकघरात येऊन कढी ढवळत उभी राहिले. बाहेर बाप-लेक हसत होती, आणि मला कोणीही बोलावलं नाही.